पाण्याची पाळी आणि रयतेची विचारपूस

नीरा स्टेशनावर आगगाडींतून उतरून बारामतीच्या सडकेस लागलें, म्हणजे निंबूत, वडगांव निंबाळकर, कोऱ्हाळें हीं गांवें मागें टाकीत आपण पणदरे येथें येऊन पोंचतों. ही सडक आणि नीरेचा डावा कालवा हीं जणूं काय एकमेकांच्या सोबतीनेंच बारामतीकडे चाललेलीं असतात. पाणी उतारानें जावयाचें असल्यामुळें कालवा माळाच्या कडेकडेनें वळणें घेत जातो. आणि उपशाचीं यंत्रें येण्यापूर्वींच्या काळीं त्याच्या वरच्या अंगास कुसळांचा माळ व खालच्या अंगास हिरवें शिवार असा देखावा असे. पाण्याची एक रेघ ओढली गेली आणि तिनें एकाच मुलुखाचे दोन भाग केले. ही रेघ कोठून न्यावी, तींतून कोणास किती पाणी द्यावें आणि तें केव्हां द्यावें, हें ज्यांच्या शेतांवरून ती गेली त्यांस कोणी विचारलें होतें काय? या प्रश्नाचा मागोवा घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कालव्यांचा इतिहास बहुधा धरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. भिंत किती उंच, चुना किती लागला, खर्च किती झाला, पाणी किती कोसांवर गेलें, ही माहिती अवश्य आहे. पण ती अर्धी आहे. वांटून घ्यावयाच्या पाण्याचा आणखी एक इतिहास असतो, आणि तो विचारण्याचा व सांगण्याचा इतिहास होय. निर्णय होण्यापूर्वीं कोणास विचारलें, आणि झालेला निर्णय शेवटच्या शेतापर्यंत कोणत्या वाटेनें जाऊन पोंचला, हें त्यांत पाहावयाचें असतें. आमचें म्हणणें असें कीं, नीरेच्या खोऱ्यांतील तंटे जितके पाण्याच्या तुटीमुळें माजले तितकेच, किंबहुना कांकणभर अधिक, शब्दाच्या तुटीमुळें माजले. पाणी थोडें आहे हें शेतकऱ्यास सोसतें. तें केव्हां येईल हें ठाऊक नसणें त्यास सोसत नाहीं.

प्रथम ही भूमि कशी होती तें पाहूं. बारामती व इंदापूर हा पुणें जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर येतां येतां इतका क्षीण होतो कीं, चार वर्षांतून एखादें वर्ष साधलें तरी रयत देवाचे आभार मानी. १८७५ च्या मे महिन्यांत त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें या गांवीं कर्जानें गांजलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून दस्तऐवज जाळले. दक्षिणेंतील दंगे म्हणून जे प्रसिद्ध आहेत त्यांचा आरंभ या गांवापासून झाला. पुढच्याच वर्षीं पावसानें पाठ फिरविली आणि १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ ओढवला. गुरें मेलीं, माणसें परागंदा झालीं. भुकेल्यांस काम द्यावयाचें आणि असा प्रसंग पुन्हां येऊं नये म्हणून पाण्याची तजवीज करावयाची, अशा दोन गोष्टी सरकारास एकदम करणें भाग पडलें. त्या दोहोंचें उत्तर म्हणून हा कालवा पुढें आला.

योजना अशी होती. भोर संस्थानच्या हद्दींत वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण बांधावयाचें. तेथें सांठविलेलें पाणी नदीच्याच पात्रांतून खालीं सोडून पुरंदर तालुक्यांतील वीर येथील बंधाऱ्यावर अडवावयाचें. आणि तेथून डाव्या तीरानें कालवा काढून पुरंदर, बारामती व इंदापूर या भागांतून तो सुमारें १०० मैल न्यावयाचा. १८८५ मध्यें कालवा सुरू झाला. भाटघरचें धरण त्यानंतर कांहीं वर्षांनीं पुरें झालें आणि त्याच्या जलाशयास व्हायटिंग या इंजिनियराचें नांव मिळालें. मुंबई सरकारचा पाटबंधाऱ्यांचा कायदा १८७९ मध्येंच झालेला होता. त्या कायद्यांतील शेतकऱ्याचें स्थान एका शब्दांत सांगतां येतें: अर्जदार. पाणी हवें असेल त्यानें अर्ज करावा, अधिकाऱ्यानें तो मंजूर किंवा नामंजूर करावा, पट्टी भरावी आणि पाण्याची वाट पाहावी. गांव म्हणून कोणाशीं बोलणें करावयाचें, अशी त्यांत सोय नव्हती. सरकारचा संबंध एकेका कागदाशीं होता.

या स्थितीवर टीका करणारा पुरुष त्याच काळांत व जवळच होऊन गेला. महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ सालचा, म्हणजे डावा कालवा सुरू होण्यापूर्वीं दोन वर्षांचा. पाटबंधारे खात्यावर त्यांनीं जो कोरडा ओढला त्यांतील इत्यर्थ असा: पट्टी वसूल होते, पण पाणी वेळेवर मिळेल याची जबाबदारी कोणी घेत नाहीं, आणि उभें पीक वाळलें तर शेतकऱ्यास दाद मागावयास जागा नाहीं. प्रत्येकास जरुरीपुरतें पाणी मिळावें म्हणून तोट्या बसवाव्या, अशीहि त्यांची सूचना होती. तोटी हा शब्द ऐकून वाचकांस हसूं येईल. परंतु त्या शब्दांत मोजून देणें आणि वेळ पाळणें या दोन्ही गोष्टी सामावल्या आहेत. या सूचनेचा पुढें काय योग आला तें यथास्थळीं सांगूं.

कालवा सुरू झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट अधिकाऱ्यांच्या नजरेस आली. ज्या रयतेकरितां एवढा खटाटोप केला ती रयत पाणी घेईना! पाऊस बरा झाला तर अर्ज फारसे येत नसत; आणि पाऊस चुकला म्हणजे अर्जांची अशी झोड उठे कीं, सर्वांस पुरवावें एवढें पाणीच नसे. कुणबी आळशी आहे, अज्ञान आहे, त्यास स्वतःचें हित कळत नाहीं, असा शेरा मारून अनेकांनीं या कोड्याची वाट लावली. आम्हांस हा शेरा पटत नाहीं. जोंधळा-बाजरीच्या शेतीस बऱ्या पावसाच्या वर्षीं विकतचें पाणी घेण्याचें प्रयोजनच नव्हतें. बागाइती पीक काढावयाचें तर बियाणें, खत, बैल यांकरितां आधीं पैसा पाहिजे. आणि पैसा म्हणजे पुन्हां सावकाराची पायरी, जिचा अनुभव सुप्याच्या लोकांनीं नुकताच घेतला होता. एवढें करूनहि पुढच्या उन्हाळ्यांत पाणी मिळेलच असें वचन सरकार देत नव्हतें. दहा-बारा महिने शेतांत उभें राहणारें पीक अशा भरंवशावर कोण लावील? रयतेचें हें न घेणें हेंच तिचें उत्तर होतें. मात्र तें ऐकून घेण्याची योजना कालव्याच्या कारभारांत कोठेंच नव्हती.

धाडस केलें तें प्रथम बाहेरून आलेल्यांनीं. सासवडकडील माळी समाजाच्या बागाइतदारांस पाणी भरण्याची, खत घालण्याची व गूळ करण्याची विद्या पिढीजात अवगत होती. ते कालव्याखालच्या गांवांत येऊन खंडानें जमिनी करूं लागले, आणि त्यांच्या हातचा ऊस पाहून स्थानिक कुणबीहि हळूहळू ती विद्या शिकले. याच लोकांनीं पुढें १९३२ मध्यें माळीनगर येथें स्वतःचा साखर कारखाना उभारला, हें वाचकांस ठाऊक असेलच. येणेंप्रमाणें उसाचा पाय रोंवला गेला. पण पाणी जेथें प्रथम येतें तेथें ऊस दाट झाला, आणि शेपटाकडील गांवें दुष्काळाच्या भीतीनें जशीचीं तशीं राहिलीं. कालवा काढला दुष्काळी इंदापुराकरितां, आणि तो मुरूं लागला वाटेंतच.

मुरूं लागला हा शब्द अक्षरशःहि खरा होता. क्षेत्रावर पट्टी असल्यामुळें एकदां पाळी मिळाली कीं शेत डुंबेपर्यंत पाणी भरण्याचा मोह होई. पुढची पाळी केव्हां येईल ही शंका त्या मोहास बळ देई. पाण्याचा निचरा नव्हता. काळ्या खोल जमिनींत खालचें पाणी वर येऊं लागलें आणि त्याबरोबर मीठहि वर आलें. जी जमीन सोन्याच्या तोलाची म्हणून नांवाजलेली तीच पांढरी पडून वांझ झाली. डॉ. हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर १९१० मध्यें जें पुस्तक शेतकी खात्यामार्फत प्रसिद्ध केलें, तें या आपत्तीचें दप्तरच होय. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. खालच्या शेताचें नुकसान वरच्या शेताच्या अति-भिजवणीनें होतें. पण वरच्याचा व खालच्याचा पाण्यापुरता कांहींच संबंध कायद्यानें जोडलेला नव्हता. दोघेहि सरकारचे वेगवेगळे अर्जदार! एकानें दुसऱ्यास जाब कोणत्या नात्यानें विचारावा?

या अंधारांत पहिला दिवा लावण्याचें श्रेय मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांजकडे जातें. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालीं १९०१ ते १९०३ पर्यंत हिंदुस्थानच्या पाटबंधाऱ्यांची चौकशी करणारें जें कमिशन बसलें, त्याच्या काळांत मुंबई इलाख्याचे इंजिनियर या नात्यानें विश्वेश्वरय्यांनीं ‘ब्लॉक’ पद्धति सुचविली, आणि तिचा प्रयोग नीरेच्या याच कालव्यावर झाला. तिचा मतलब असा: गांवोगांव जमिनीचे ठराविक गट आंखावयाचे, गटांत एक हिस्सा ऊस आणि बाकीच्या हिश्शांत कमी पाण्याचीं पिकें, आणि तीं आळीपाळीनें फिरवावयाचीं, आणि त्या गटास कांहीं ठरीव वर्षें, पुढें बहुधा सहा वर्षें, पाणी देण्याचें लेखी वचन द्यावयाचें. यामुळें ऊस थोड्या गांवांत न सांचतां अनेक गांवांत विभागला जाई, जमिनीस विसांवा मिळे, आणि कुणब्यास आपला पैसा बुडणार नाहीं असा धीर येई.

आमच्या मतें या पद्धतीचा खरा विशेष तिच्या वचनांत आहे. पीक कोणतें व गट किती एकरांचा, हा तपशील इंजिनियराचा. पण सहा वर्षांचें वचन ही माणसाशीं केलेली बोली होय. सरकारनें प्रथमच शेतकऱ्यास पुढचें कांहीं सांगितलें, आणि सांगितल्यावर त्यानें पाणी घेतलें. वीस वर्षें ज्यास अज्ञान म्हणत आले तें शब्द मिळतांच नाहींसें होऊं लागलें! तथापि या पद्धतीची मर्यादाहि येथेंच दिसते. गट आंखले ते कचेरींत. गांवानें बसून आंखले नाहींत. वचन वरून खालीं आलें. खालून वर जाण्याची वाट अर्जाचीच राहिली.

आणि ती वाट आमच्या देशांत मुळीं ठाऊकच नव्हती असेंहि नाहीं. हेच विश्वेश्वरय्या १८८४ मध्यें नोकरीच्या आरंभीं खानदेशांत धुळ्याकडे होते आणि पांजरा नदीवर दातर्ती येथें नळ बसविण्याचें अवघड काम त्यांनीं पार पाडलें. त्या पांजरेच्या, तशाच मोसमच्या कांठीं शेंकडों वर्षें ‘फड’ पद्धति नांदत आलेली आहे. नदीवर लहान बंधारा घालून पाट काढावयाचा. त्याखालची जमीन तीन किंवा चार फडांत वांटावयाची. एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें आणि दरवर्षीं पिकें फिरवावयाचीं. बहुधा प्रत्येक कुटुंबाचा तुकडा प्रत्येक फडांत असे; म्हणून एका फडाचें नुकसान तें सर्वांचें नुकसान. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, देखरेखीस हवालदार, आणि त्यांचें वेतन शेतकऱ्यांनीं आपसांत. पाट गाळानें भरला तर घरटीं माणूस देऊन उपसावयाचा. पाणी कमी दिसलें तर यंदां कोणता फड भिजवावयाचा व कोणता पडीक ठेवावयाचा हें पंच बसून ठरवीत, आणि ठरलेलें सर्वांच्या देखत ठरलेलें असल्यामुळें पाळलें जाई. गांव करी तें राव न करी, ही म्हण येथें शब्दशः खरी ठरते. विश्वेश्वरय्यांनीं ब्लॉकची कल्पना फडावरून उचलली असें आम्ही म्हणत नाहीं. साम्य मात्र डोळ्यांत भरण्याजोगें आहे, आणि भेदहि तितकाच: पिकांची फिरती पाळी नीरेवर आली, पंचांची बैठक आली नाहीं.

दूरदेशींचा दाखला द्यावयाचा तर स्पेनांतील व्हॅलेन्सिया शहराचा देतां येईल. तेथील पाटकऱ्यांचें पाण्याचें न्यायासन दर गुरुवारीं दुपारीं मोठ्या देवळाच्या दारांत भरतें. न्याय देणारे शेतकऱ्यांनींच निवडलेले, वकील नाहीं, कागद नाहीं, बोलणें सारें तोंडीं व लोकांच्या देखत. ज्याचें पाणी चोरलें गेलें तो तेथें उभा राहतो, आणि ज्यानें चोरलें त्यास चारचौघांत उत्तर द्यावें लागतें. फड आणि हें न्यायासन यांचे मुलुख भिन्न, धर्म भिन्न, भाषा भिन्न; पण युक्ति एकच. पाण्याचा निवाडा पाण्याच्या जवळ व्हावा आणि तो सर्वांस ऐकूं यावा. अमेरिकेंतील विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं अशाच सामाईक व्यवस्थांचा जन्मभर अभ्यास केला, आणि त्याबद्दल २००९ मध्यें त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचाहि निष्कर्ष सारांशानें हाच कीं, ज्यांनीं नियम पाळावयाचे त्यांचा नियम करण्यांत हात असला म्हणजे सामाईक वस्तु टिकते.

नीरेवर मात्र पुढचें पाऊल पुन्हां भिंतीचें पडलें. १९२७ मध्यें भाटघरास नवें प्रचंड धरण पुरें झालें. त्यास मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव देण्यांत आलें. सुमारें २३ अब्ज घनफूट पाणी त्यांत सांठूं लागलें आणि उजव्या तीरानेंहि कालवा निघून फलटण, माळशिरस या बाजूस गेला. बारामतीचा दुष्काळ हटला हें कोणीहि मान्य करील. परंतु या हिशेबांत भोरकडील जीं गांवें पाण्याखालीं गेलीं त्यांचें खातें बहुधा उघडलेंच जात नाहीं. पाण्याचे वांटेकरी मोजतांना आपण पाणी घेणारांसच मोजतों; ज्यांनीं भुई दिली त्यांस मोजीत नाहीं. विचारपूस करावयाची ती येथपासून करावयास हवी होती.

स्वातंत्र्यानंतर या भागांतील शेतकऱ्यांनीं जो पराक्रम केला तो तर सर्वश्रुत आहे. माळेगांव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथें सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ज्या कुणब्यास एके काळीं अज्ञान म्हटलें त्यानें भागभांडवल जमविलें, संचालक निवडले, वार्षिक सभेंत हिशेब मागितले, भावावरून भांडण केलें. आश्चर्य हें कीं, साखरेच्या बाबतींत मालक झालेला हाच मनुष्य पाण्याच्या बाबतींत अर्जदारच राहिला. उसाच्या वजनाची पावती तो दहा वेळां तपासून पाही; पण आपल्या शेतास पाणी किती आलें हें मोजण्याचें माप त्याच्याजवळ नव्हतें, आणि मोजून सांगणाराहि कोणी नव्हता. पाटकऱ्याची मर्जी राखणें, रात्रीं चारीवर जागत बसणें आणि वरच्यानें दारें फोडलीं म्हणून त्याच्याशीं वैर धरणें, हाच पाण्याचा व्यवहार होऊन बसला.

याचें प्रत्युत्तर मिळालें तें पाटाच्या पाण्यापासून वंचित असलेल्या प्रदेशांतून. ज्या पुरंदर तालुक्यांत वीर येथें डावा कालवा जन्म घेतो, त्याच तालुक्याच्या माळावर नायगांव म्हणून गांव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर व उद्योजक तेथें गेले, देवस्थानची सुमारें ४० एकर जमीन खंडानें घेऊन त्यांनीं पाणी अडविण्याचा प्रयोग केला, आणि त्यांतून १९७४ च्या सुमारास पाणी पंचायत उदयास आली. तिचे नियम मोजके पण मूलगामी होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न वांटतां माणशीं वांटावयाचें, माणशीं अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनासहि पाण्याचा वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाहीं. आणि ऊस लावावयाचा नाहीं. योजनेचा कांहीं खर्च लाभधारकांनीं स्वतः घालावयाचा. या नियमांत कठोरपणा आहे, आणि बारामतीच्या बागाइतदारास ते मानवतील असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु एका गोष्टीचा पुरावा त्यांनीं दिला: थोड्या पाण्यांतहि माणसें एकत्र नांदतात, मात्र वांटणी त्यांस पटलेली असली पाहिजे.

महाराष्ट्र सरकारनें २००५ मध्यें सिंचन पद्धतींचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हातीं देण्याचा कायदा केला, त्यास या व अशा प्रयोगांची पार्श्वभूमि होती. लाभक्षेत्रांत पाणीवापर संस्था स्थापाव्या, त्यांस पाणी घनमापानें मोजून द्यावें, पीक कोणतें घ्यावें याचें स्वातंत्र्य शेतकऱ्यास असावें, चाऱ्या ताब्यांत देण्यापूर्वीं अधिकारी व शेतकरी यांनीं मिळून त्यांची पाहणी करावी, अशीं त्याचीं कलमें आहेत. मोजून देण्याची जी गोष्ट जोतीरावांनीं १८८३ मध्यें तोटीच्या रूपानें सुचविली, ती कायद्यांत यावयास १२२ वर्षें लागलीं! याहून महत्त्वाचें कलम असें कीं, संस्थेच्या संचालक मंडळावर मुखाकडील, मधल्या व शेपटाकडील शेतकऱ्यांचे प्रतिनिधि सारखे असावेत. शेवटच्या शेतास कायद्यानें प्रथमच तोंड दिलें.

परंतु कायद्यानें दिलेलें तोंड उघडण्याची संवय लागावी लागते. संस्था कागदावर नोंदली जाते, चारी मात्र मोडकीच राहते. माप बसतें, पण तें वाचून गांवाच्या चावडीवर लिहिण्याची चाल पडत नाहीं. मोठ्या निर्णयांची जागा तर याहून उंचावर आहे. हंगामांत किती पाळ्या द्यावयाच्या त्याचा विचार कालवा सल्लागार समितींत मंत्री, आमदार व अधिकारी यांच्या बैठकींत होतो. आणि दोन तीरांचा तंटा झाला म्हणजे तो थेट मंत्रिमंडळापर्यंत जातो. नीरा देवघर धरणाच्या पाण्यावरून हेंच घडलें. डाव्या कालव्यास जास्तीचें मिळणारें पाणी २०१९ मध्यें बंद करण्याचा हुकूम निघाला. सरकार बदलल्यावर २०२० मध्यें तो फिरवून डाव्यास ५५ व उजव्यास ४५ टक्के असें प्रमाण ठरविण्यांत आलें. कोणतें प्रमाण न्याय्य याचा निवाडा करण्यास आम्ही येथें बसलेलों नाहीं. फलटण-माळशिरसची तहान खोटी नाहीं, आणि बारामती-इंदापूरचा उभा ऊसहि खोटा नाहीं. आमचें दुःख इतकेंच कीं, एकाच नदीचे हे दोन तीर एकमेकांशीं न बोलतां दोघेहि राजधानीच्या तोंडाकडे पाहत राहिले. हुकुमानें मिळालेलें पाणी दुसऱ्या हुकुमानें जातें. आपसांत ठरविलेलें पाणी इतक्या सहजासहजीं जात नाहीं. कारण तें मोडणारास आपल्या शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो.

लोकांच्या हातीं कारभार दिला कीं सर्व सुरळीत होईल, असा भाबडा विश्वास आमच्याजवळ नाहीं. गांवांतहि वरचढ असतात. ज्याचें शेत मुखाशीं, ज्याचा ऊस मोठा, त्याचाच आवाज सभेंत मोठा होतो. ज्या बाईनें रात्रीं कंदील घेऊन दारें धरलीं तिचें नांव सातबाऱ्यावर नसतें, म्हणून तिला सभेचें बोलावणें नसतें. फडाच्या जुन्या व्यवस्थेंतहि भूमिहीनास वांटा नव्हता. तेव्हां विचारपूस म्हणजे केवळ सभा भरविणें नव्हे. जो सर्वांत शेवटीं भिजतो त्यास सर्वांत आधीं विचारणें, ही तिची कसोटी आहे. शेजपाळींत पाणी शेपटाकडून मुखाकडे देत यावें असा जो जुना संकेत आहे, त्यांतील शहाणपण हेंच होय. पाण्यास लागू पडणारा हा नियम शब्दासहि लागू पडतो.

असो. नीरेच्या डाव्या कालव्याचें वय आतां १४० वर्षांच्या घरांत आलें आहे. या अवधींत भिंती उंच झाल्या, कायदे बदलले, सरकारें बदललीं, जोंधळ्याच्या जागीं ऊस आला. पण इतिहास एकच गोष्ट वारंवार सांगतो. रयतेस शब्द नव्हता तोंवर तिनें पाणी घेतलें नाहीं. सहा वर्षांचा शब्द मिळतांच माळ हिरवे झाले. आणि जेथें शब्द पुन्हां हरवला तेथें कोठें मीठ वर आलें, कोठें वैर वर आलें. पणदरे हें गांव या कालव्याच्या मुखाशींहि नाहीं आणि शेपटाशींहि नाहीं. वरच्या गांवाचा हव्यास आणि खालच्या गांवाचा कोरडा घसा, या दोहोंची कल्पना मधल्या गांवास जितकी असते तितकी कोणासच नसते. अशा मधल्या गांवांनीं जर पुढाकार घेऊन यंदां पाणी किती, पाळ्या किती आणि त्या कोणत्या तारखांस, हें पाणी सुटण्यापूर्वीं चावडीवर लिहून लावण्याचा आग्रह धरला, आणि तें ठरवितांना इंदापुराकडील शेवटच्या चारीवरचा माणूस सभेंत हजर असल्यावांचून सभा सुरूच करावयाची नाहीं अशी रीत पाडली, तर त्यास नवें धरण लागणार नाहीं, नवा कायदाहि लागणार नाहीं. लागेल तो खडू, फळा, आणि दुसऱ्याचें ऐकून घेण्याची थोडी सवड. दीडशें वर्षांपूर्वीं या मुलुखांत पाणी नव्हतें. आतां तें आलें आहे. जें अद्यापि यावयाचें राहिलें आहे तें माणसामाणसांमधलें बोलणें होय, आणि त्यास कोणत्याहि कचेरीची मंजुरी लागत नाहीं.